गॅसबत्तीच्या मेंटलमधली माती

इंटर्नशिपमधली गोष्ट. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी रात्रपाळी होती. कळा सुरू झालेली एक पहिलटकरीण आली आणि नेमकी वीज गेली. जनरेटर नव्हता. शिपाईमामांनी कपाटावरची गॅसबत्ती खाली घेतली, रॉकेल भरले, नवे मेंटल बांधले, काडी लावली आणि पंप मारला. दोन मिनिटांत खोली उजळली. त्या उजेडात बाळ जन्माला आले आणि त्याच उजेडात मी टाके घातले. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ही बत्ती आठवत असेल. लग्नाची वरात, जत्रा, तमाशाचा फड, आठवडी बाजार, सगळे तिच्याच जोरावर चालायचे.

मेंटल म्हणजे कापडाची छोटी पिशवी. कापड जळून जायचे आणि मागे पांढऱ्या राखेची जाळी उरायची. ही राख जळत नाही, नुसती तापून लखलखते. चुकून बोट लागले तर भुगा.

ही बत्ती परवा ओपीडीत अचानक आठवली. एका रुग्णाचा मुलगा समोर बसला होता. वडिलांच्या आतड्यात न्यूरोएंडोक्राइन प्रकारची गाठ, ती यकृतात पसरलेली. कर्करोगतज्ज्ञांनी ल्युटेशियमचे उपचार सुचवले होते. उपचार कसे देतात हे मुलाने नीट समजून घेतले होते. त्याची काळजी वेगळीच होती. चीनने दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्याची बातमी त्याने वाचली होती आणि त्या यादीत ल्युटेशियमचे नाव होते. हे द्रव्य येते कुठून आणि ते मिळत राहील ना, एवढेच त्याला विचारायचे होते.

प्रश्न डॉक्टरला विचारायचा नव्हे, असे म्हणून मला हात झटकता आले असते. पण गॅसबत्तीचे मेंटल बनवणारा माणूस आणि ल्युटेशियम वेगळे काढणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, हे दोघे एकच होते. त्यांचे नाव कार्ल आवर फॉन वेल्सबाख. त्यांचे आयुष्य समजून घेतले की आज जगात दुर्मीळ खनिजांवरून जे राजकारण चालले आहे त्याचे मूळ सापडते.

छापखान्याच्या संचालकांचा मुलगा

आवर यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात झाला. वडील अलोइस आवर हे बादशाही सरकारी छापखान्याचे संचालक होते. स्वतः संशोधक वृत्तीचे. झाडाच्या पानाचा ठसा थेट शिशाच्या पत्र्यावर घेऊन छापण्याची पद्धत त्यांनी विकसित केली होती. कार्ल दहा वर्षांचे असताना वडील वारले. पुढे शाळा, मग सैन्यातली नोकरी, मग व्हिएन्नात रसायनशास्त्राचे शिक्षण, असे करत १८८० मध्ये ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे पोहोचले.

शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर आपल्याला माहीत आहे. पण बुन्सेन यांचे त्याहून मोठे काम वर्णपटाचे. कोणतेही मूलद्रव्य ज्योतीत तापवले की त्याच्या प्रकाशात ठरावीक रेषा दिसतात. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा तसे या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते. बुन्सेन यांच्या हाताखाली आवर ही विद्या शिकले आणि तिथेच त्यांना दुर्मीळ मृदा नावाच्या कोड्याने पछाडले.

जुन्या काळी न वितळणाऱ्या धातूंच्या ऑक्साइडला रसायनशास्त्रज्ञ माती म्हणत. स्वीडनच्या खाणीत सापडलेल्या काही खनिजांत अशा अनोळखी माती मिळाल्या, म्हणून त्या दुर्मीळ मृदा. खरे तर त्या दुर्मीळ नाहीत. सीरियम हे त्यातले एक मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. दुर्मीळ आहे ती त्यांची फारकत. ही सतरा मूलद्रव्ये एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी असतात. बाहेरून सारखी, वागायला सारखी, आणि निसर्गात कायम एकत्र सापडणारी.

१८८२ मध्ये डॉक्टरेट घेऊन आवर व्हिएन्नाला परतले आणि एका प्रयोगशाळेत बिनपगारी सहायक म्हणून काम करू लागले. त्यांनी डिडिमियम हातात घेतले. १८४१ पासून हे एक मूलद्रव्य समजले जाई. ते एक नसावे असा काहींना संशय होता, पण ते फोडणे कोणाला जमत नव्हते. आवर यांनी वापरलेली पद्धत आपल्या खडीसाखरेसारखी आहे. क्षार पाण्यात विरघळवायचा, पाणी आटवायचे, हळूहळू थंड होऊ द्यायचे. तळाला जमणाऱ्या स्फटिकांत एका द्रव्याचे प्रमाण किंचित जास्त असते आणि वरच्या पाण्यात दुसऱ्याचे. दोन्ही वेगळे करायचे आणि पुन्हा तेच. एका फेरीत फरक इतका थोडा पडतो की डोळ्याला कळतही नाही. आवर महिनोन्महिने हे करत राहिले. शेवटी एका भांड्यात हिरवे स्फटिक उरले आणि दुसऱ्यात गुलाबी-जांभळे. १८८५ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे दोन नवी मूलद्रव्ये मांडली, प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम. तेव्हा त्यांचे वय होते २६.

विजेवर चालणारी मोटार, पवनचक्की, मोबाइलचा छोटा स्पीकर या सगळ्यांत आज निओडिमियमचे लोहचुंबक बसवतात. त्या वेळी मात्र या गुलाबी स्फटिकांचा काहीच उपयोग नव्हता.

एक टक्का अशुद्धीची करामत

उपयोगाचा शोधही आवर यांनीच लावला. बर्नरच्या ज्योतीत या माती तापवल्या की त्या झगझगीत प्रकाश देतात हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी सुती कापड क्षाराच्या पाण्यात भिजवले, वाळवले आणि जाळले. कापड गेले, पण कापडाच्या विणीची राखेची जाळी टिकली. १८८५ मध्येच त्यांनी या गॅसच्या मेंटलचे पेटंट घेतले. शहरांत गॅसचे दिवे होतेच. त्यांचा मिणमिणता पिवळा उजेड आता कित्येक पट वाढणार होता.

पण धंदा बसला. पहिले मेंटल मॅग्नेशियम, लँथॅनम आणि यट्रियमच्या ऑक्साइडचे होते. त्याचा प्रकाश हिरवट, त्यात माणसांचे चेहरे आजारी दिसत. शिवाय ते महाग आणि ठिसूळ. लोकांनी पाठ फिरवली आणि १८८९ मध्ये कारखाना बंद करावा लागला.

आवर पुन्हा प्रयोगशाळेत बसले. थोरियमचे मेंटल चांगले उजळते हे त्यांच्या लक्षात आले होते. मग त्यांनी थोरियम शुद्ध करायला घेतले, आणि गंमत म्हणजे थोरियम जितके शुद्ध होत गेले तितका उजेड कमी होत गेला. दुसरा कोणी असता तर वैतागून सोडून देता. आवर यांनी उलटा विचार केला. काढून टाकलेल्या अशुद्धीतच उजेड असला पाहिजे. ती अशुद्धी होती सीरियम. ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सीरियम असे प्रमाण बसले आणि १८९१ मध्ये व्हिएन्नात नव्या मेंटलचा पांढराशुभ्र उजेड पडला. मेंटल लाखांनी खपू लागली. विजेच्या दिव्याने मरायला टेकलेला गॅसचा धंदा आणखी एक पिढी जगला. पुढे रॉकेलच्या बत्तीवर बसून हेच मेंटल आपल्या खेड्यांत आले.

आवर यांनी एवढ्यावर थांबायला हवे होते असे त्यांच्या भागीदारांना वाटले असेल. पण ते स्वतःच्याच मेंटलला स्पर्धक शोधू लागले. ऑस्मियम या धातूची तार वापरून त्यांनी विजेचा दिवा तयार केला. ऑस्मियम आणि वोल्फ्राम या दोन धातूंच्या नावांतून पुढे ऑसराम हे बल्बचे नाव निघाले.

वाळूचे राजकारण

लाखो मेंटलना थोरियम लागते. सुरुवातीला ते नॉर्वेच्या खनिजांतून मिळे, ते पुरेना. मग शोध लागला मोनाझाइटचा. ही समुद्रकिनाऱ्यावर सापडणारी पिवळसर-तपकिरी, जड वाळू. तिच्यात दुर्मीळ मृदा निम्म्याहून जास्त आणि थोरियम थोडे. आधी अमेरिकेतील कॅरोलायना, मग ब्राझीलचा किनारा. वाळू जहाजांनी हॅम्बुर्गला जाऊ लागली. जर्मन कारखान्यांनी संघ केला, थोरियमचे भाव ठरवले, आणि ब्राझीलची वाळू इतर कोणाला सहज मिळणार नाही अशी तजवीज केली.

या मक्तेदारीला खिंडार पाडायचे तर दुसरा किनारा हवा होता. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन गृहस्थाला तो सापडला. आपल्या देशात, त्रावणकोर संस्थानातील मनवलाकुरिची येथे. आज हे गाव तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूच्या कणांवरून त्याला माग लागला असे सांगतात. ही वाळू ब्राझीलपेक्षा सरस होती, तिच्यात थोरियम जास्त होते.

आता परिस्थिती पाहा. किनारा इंग्रजांच्या साम्राज्यातला, मजूर आपले, पण वाळू जर्मनीला जात होती. लंडनमधल्या मेंटलच्या कारखान्यांनाही थोरियमचा क्षार जर्मनीतून विकत आणावा लागे. कारण वाळूतून थोरियम वेगळे काढण्याची विद्या आणि कारखाने तिकडे होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रजांना याची जाणीव झाली. त्यांनी जर्मनांचा हक्क काढून घेतला आणि किनारा ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यात दिला. दुर्मीळ मृदांच्या पुरवठ्यावरून झालेली ही पहिल्या काही झटापटींपैकी एक, शंभर वर्षांपूर्वीची. ज्याच्याकडे वाळू त्याच्याकडे सत्ता असे तेव्हाही नव्हते. ज्याला वाळू फोडता येते त्याच्याकडे सत्ता होती.

आवर स्वतः राजकारणी नव्हते. ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात ट्राइबाख येथे त्यांनी कारखाना आणि प्रयोगशाळा उभी केली होती, जवळच घर बांधले होते. त्यांना छळत होता तो कचरा. थोरियम काढून घेतल्यावर मोनाझाइटमधले बाकीचे सगळे, मुख्यतः सीरियम आणि लँथॅनम, ढिगाने पडून राहत असे. १९०३ मध्ये त्यांनी या मिश्र धातूत सुमारे ३० टक्के लोखंड मिसळले. तयार झालेला तुकडा घासला की ठिणग्या उडतात. सिगारेटच्या लायटरमधला आणि गॅस पेटवायच्या चकमकीतला खडा तो हाच. कचऱ्यातून दुसरा उद्योग निघाला आणि तो ट्राइबाखला आजही चालू आहे.

हरलेले नाव

आता आपल्या ल्युटेशियमकडे येऊ. १९०५ च्या सुमारास आवर यांनी इटर्बियम हे मूलद्रव्यही एक नसून दोन आहेत असे दाखवायला घेतले. पद्धत तीच, धीर तोच. त्यांनी दोन्ही वेगळी केली आणि ताऱ्यांवरून त्यांना अल्डेबारेनियम आणि कॅसिओपियम अशी नावे दिली. पण पॅरिसमध्ये जॉर्ज उर्बँ हेही त्याच कामावर होते, आणि अमेरिकेत चार्ल्स जेम्स. उर्बँ यांनी पॅरिसच्या जुन्या नावावरून ल्युटेशियम हे नाव सुचवले. श्रेय कोणाचे यावरून वर्षानुवर्षे कडवट वाद चालला. १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुभार समितीने उर्बँ यांच्या बाजूने निर्णय दिला. उर्बँ स्वतः त्या समितीचे सदस्य होते. आवर यांचे नमुने अधिक शुद्ध होते हे नंतर स्पष्ट झाले, पण नाव बदलले नाही. जर्मन पुस्तकांत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅसिओपियमच छापले जाई.

या हरण्याने आवर खचले नाहीत. ते पुन्हा स्फटिकांकडे वळले. शेवटपर्यंत शुद्ध नमुने तयार करून इतर शास्त्रज्ञांना देत राहिले. फुलझाडे आणि छायाचित्रण हे त्यांचे छंद. ४ ऑगस्ट १९२९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरी त्यांचे निधन झाले.

एक बाजू डॉक्टर म्हणून सांगायलाच हवी. थोरियम किरणोत्सारी आहे. हे विसाव्या शतकाच्या आरंभीच माहीत होते, पण त्याचे गांभीर्य उमगायला उशीर झाला. आवर यांचे नाव लावणाऱ्या बर्लिनच्या कंपनीने थोरियमयुक्त टूथपेस्टही विकली. त्याहून वाईट म्हणजे १९३० आणि ४० च्या दशकांत आमच्याच व्यवसायाने थोरोट्रास्ट नावाचे थोरियमचे द्रावण एक्स-रे स्पष्ट दिसावा म्हणून रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत टोचले. ते यकृतात कायमचे साठून राहिले आणि २०-३० वर्षांनी अनेकांना यकृताचा कर्करोग झाला. आज कोणाकडे थोरियमचे मेंटल असेल तर ते पहिल्यांदा जाळताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, राख फुंकू नये, हात धुवावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

विद्या कुठे गेली

आवर यांच्यानंतरची गोष्ट थोडक्यात. गॅसचे दिवे मावळले, पण थोरियम अणुऊर्जेमुळे महत्त्वाचे ठरले. स्वातंत्र्याच्या सुमारास मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळात अलुवा येथे मोनाझाइट फोडण्याचा कारखाना सुरू झाला. १९५१ मध्ये अमेरिकेकडून गहू कर्जाऊ घेताना तिथल्या काही लोकप्रतिनिधींनी बदल्यात मोनाझाइट मागितले होते. भारताने ते मानले नाही. १९५३ मध्ये भारताने सुमारे एक टन थोरियम नायट्रेट, म्हणजे मेंटल ज्यात भिजवतात तोच क्षार, चीनला विकला. त्यावरून अमेरिकेची मदत बंद होण्याची वेळ आली होती. तेव्हा देणारे आपण होतो आणि घेणारा चीन.

मग पारडे कसे फिरले? दुर्मीळ मृदा वेगळ्या करण्याचे काम घाणेरडे आहे. आम्ल लागते, भरपूर पाणी लागते आणि मागे किरणोत्सारी गाळ उरतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही एके काळची जगातली प्रमुख खाण. दूषित पाणी सांडल्याच्या घटनांनंतर १९९८ मध्ये तिथले विलगीकरण थांबले. चीनने हे काम स्वस्तात अंगावर घेतले. त्याची किंमत तिथल्या बाओटू शहराजवळच्या गाळाच्या प्रचंड तलावात आणि आसपासच्या गावांत दिसते. श्रीमंत देशांनी आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकली, आणि घाणीबरोबर विद्याही तिकडे गेली. आज जगातील दुर्मीळ मृदांचे सुमारे ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होते. २०१० मध्ये जपानशी बेटांवरून वाद झाला तेव्हा चीनने हे हत्यार पहिल्यांदा दाखवले. एप्रिल २०२५ मध्ये सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्यात ल्युटेशियम आहे आणि गॅडोलिनियमही. एमआरआय करताना शिरेतून जे कॉन्ट्रास्ट देतात ते गॅडोलिनियमचे असते. साठ किलो वजनाच्या रुग्णाला एका तपासणीत त्याचे साधारण एक ग्रॅम लागते.

भारताकडे दुर्मीळ मृदांचे सुमारे ६९ लाख टनांचे साठे असल्याचे मानले जाते, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. जगाच्या उत्पादनातला आपला वाटा मात्र एक टक्क्याहून कमी आहे. किनारा आहे, वाळू आहे. आवर यांनी बिनपगारी नोकरीत दाखवलेला तो धीर, आणि त्यातून उरणाऱ्या गाळाची सुरक्षित विल्हेवाट लावण्याची तयारी, या दोन गोष्टी मोठ्या प्रमाणावर उभ्या करणे बाकी आहे. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. कारखान्याभोवती राहणाऱ्या लोकांच्या आरोग्याचा हिशेब आधी मांडला नाही तर तो पुढे आमच्या ओपीडीत मांडावा लागतो.

मी त्या मुलाला काय सांगितले? वडिलांना मिळणारे ल्युटेशियम-१७७ अणुभट्टीत तयार होते आणि मुंबईत तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही ते बनवतात, हे सांगितले. ते साधारण पावणेसात दिवसांत निम्मे होते, म्हणून साठवून ठेवता येत नाही. पुन्हा पुन्हा ताजे बनवावे लागते. त्याला एका रेणूला जोडून शिरेतून दिले की तो रेणू गाठीच्या पेशी शोधून त्यांना चिकटतो आणि किरणांचा मारा तिथेच होतो. यासाठी लागणारे ल्युटेशियम अगदी कणभर असते. त्यामुळे निर्बंधांचा चटका आधी मोटारींच्या कारखान्यांना बसतो, रुग्णाला लगेच नाही. पुढच्या वर्षांची खात्री मात्र मी देऊ शकलो नाही. ती डॉक्टरच्या हातात नसते.

निघताना त्याने फाइलवरचे ते अवघड नाव पुन्हा एकदा वाचून घेतले. मला वाटून गेले, तिथे कॅसिओपियम लिहिलेले असते तरी त्या माणसाला चालले असते. औषध वेळेवर मिळाले म्हणजे झाले.